आप्पांचा 'पण'

मुरुमला एसटी स्टँडकडून बाजारात शिरताना डाव्या हाताला एक गॅरेज लागतं. त्यावरची पाटी जुनी आहे : 'महेबूब मिस्त्री, जावा-येझदी स्पेशालिस्ट'. महेबूब मिस्त्री जाऊन बरीच वर्षं झाली, आणि त्यांच्या मागोमाग मुलखातल्या जावा मोटारसायकलीही गेल्या. काही भंगारात, काही कडब्याच्या शेडात. गॅरेज आता त्यांचा मुलगा जैनोद्दीन चालवतो. पाटी त्यानं उतरवली नाही. उतरवली असती तर बापाचं नाव पुसलं म्हणून गावानं नावं ठेवली असती, आणि राहू दिली तर कुणाचं काही बिघडत नव्हतं.

खरं सांगायचं तर जैनोद्दीननं जन्मात जावाचं इंजिन खोललं नव्हतं. बापानं शिकवलंच नाही. "मरायला टेकलेलं काम हाय हे, तू जित्या गाड्या शीक," असं म्हणून महेबूब मिस्त्री त्याला जावापासून हाकलून लावत. मग जैनोद्दीन जित्या गाड्या शिकला. स्प्लेंडर, शाईन, मास्तरणींच्या स्कूट्या, मोसमात ऊसतोडीवाल्यांची खटारी. हात चांगला होता, पोट भरत होतं. लोक मात्र धरून चालले होते की जावा याच्या रक्तातच असणार. जैनोद्दीननं कधी 'हो' म्हटलं नाही आणि 'नाही'ही म्हटलं नाही. जावा घेऊन कुणी येतच नव्हतं, तर बोलायचं कशाला?

दिवाळी झाल्यावर एक दिवस छोट्या टेम्पोतून जावा आली.

महांतप्पा पाटलांची होती ती. महांतप्पा म्हणजे पाटलांच्या मळ्यावरचे आप्पा. पंचाहत्तरी ओलांडलेले, पांढरं धोतर, हातात वेताची काठी. आप्पांची जावा ही मुरुमातली जुनी गोष्ट होती. आप्पा जावावर हैदराबादला नुमाइश, तिथलं मोठं प्रदर्शन, बघायला गेले होते. आप्पा जावावर गुलबर्ग्याच्या उरुसाला जाऊन त्याच दिवशी परत आले होते. ओढ्याला पूर आलेला असताना बाळंतिणीसाठी उमरग्याहून डॉक्टर आणला होता तो जावावरच. पारावर बसून आप्पा हे सांगायचे आणि पोरं तोंडाचा आ करून ऐकायची; ती पोरं म्हातारी झाली तरी ऐकायची.

टेम्पोतून आधी उतरला आप्पांचा नातू विरेश. तो पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. दिवाळीला आला, शेडात कडब्याखाली जावा दिसली, फोटो काढून मोबाइलवर टाकला, आणि हजारभर लोकांनी त्याला बदाम पाठवले. वैशाखात विरेशचं लग्न होतं. त्यानं जैनोद्दीनला सगळा बेत उभ्या उभ्या सांगितला : वरातीत जावा आप्पा चालवणार, मागं नवरदेव बसणार, वरून ड्रोन फिरणार. तसं पत्रिकेच्या व्हिडिओत जाहीरही करून टाकलं होतं. इंजिन जाम होतं, तेवढं नव्यासारखं बांधून हवं होतं.

"हुईल की," जैनोद्दीन म्हणाला. त्या पाटीखाली उभं राहून दुसरं काय म्हणणार?

आप्पा काठी टेकत गाडीभोवती एक फेरी मारून आले. ज्यानं हैदराबाद केलंय त्याच्यासमोर आता हात घालायचा होता. निदान इंजिन फिरतंय का बघावं म्हणून तो वाकला आणि उजव्या बाजूला किक शोधू लागला. उजव्या बाजूला किक नव्हती. डावीकडं गेला. तिथं गिअरचा दांडा होता, किक तिथंही नाही. त्यानं मान वर केली. आप्पा त्याच्याकडं एकटक बघत होते. परीक्षा घेतायत, जैनोद्दीनला वाटलं. तेवढ्यात लहानपणचं एक चित्र डोळ्यांपुढं आलं : अब्बा गिअरचा तोच दांडा आत दाबून वर फिरवायचे आणि त्याचीच किक व्हायची. त्यानं दांडा दाबला, फिरवला. तो वर आला.

"हं," आप्पा म्हणाले.

त्या 'हं'नं जैनोद्दीनला पास झाल्यासारखं वाटलं. पण या जाणकारापुढं आपलं अर्धकच्चं काम चालणार नाही, हेही त्याच्या ध्यानात आलं.

दुसऱ्या दिवसापासून आप्पा रोज येऊ लागले. सकाळची न्याहारी झाली की रिक्षानं यायचे, लिंबाखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचे, दोन्ही हात काठीवर आणि हनुवटी हातांवर. जैनोद्दीननं एकदा सुचवून बघितलं की आप्पा, ऊन लई हाय, झाल्यावर फोन करतो की. आप्पा म्हणाले, घरी बसून तरी काय करायचं, लग्नाची गडबड, बायका पायात येतात. त्यामुळं जैनोद्दीनला इंजिन खोलायचं होतं ते सगळं आप्पांच्या नजरेखाली. तो दुपारी जेवायला म्हणून घरी जायचा आणि ताटापुढं मोबाइल उभा करून केरळातल्या कुणा मिस्त्रीचे व्हिडिओ बघायचा. भाषेतला एक शब्द कळत नव्हता, पण त्या माणसाचे हात कळत होते. कोणता नट आधी, कोणता मागून, कुठं हातोडी लागते आणि कुठं नुसतं फडकं. मग परत येऊन ते असं करायचा, जणू पिढ्यान् पिढ्या तेच करतोय.

त्याची आई खैरुनबी हे बघत होती. व्हिडिओतलं घोकत गॅरेजकडं निघालेल्या मुलाचे ओठ हलताना बघून एकदा ती म्हणाली, "तेरे अब्बा इंजन खोलते वखत गाल्या देते थे. तू दुवा मांगता."

इंजिन दोन फाकांत उघडलं तेव्हा आत गंज, वाळकी माती आणि उंदरानं ओढून नेलेला कडबा निघाला. क्रँकचं बेरिंग झिजून खडखडत होतं, पिस्टन ब्लॉकला चिकटून बसला होता. एरवी जैनोद्दीननं 'चालतंय' म्हणून अर्ध्या गोष्टी परत बसवल्या असत्या. गिऱ्हाइकाला आतलं काय दिसतं? पण इथं गिऱ्हाईक समोर बसलेलं. क्रँक घेऊन तो गुलबर्ग्याला एका म्हाताऱ्या लेथवाल्याकडं गेला, नवीन बेरिंग दाबून घेतलं, आणि परत येताना एसटीत लेकरासारखं मांडीवर घेऊन बसला. ब्लॉक सोलापूरला बोअर करून, म्हणजे आतून गोल कातून, आणला. तिथल्या माणसानं थोडा सैल ठेवला होता. जैनोद्दीननं तो आप्पांसमोर हातात धरून पिस्टन सोडून बघितला. आप्पांची भुवई हलली. माशी बसली असेल, किंवा नसेल. जैनोद्दीननं तो ब्लॉक टाकला, दुसरा मिळवला आणि सोलापूरला जाऊन लेथजवळ उभं राहून बोअर करून घेतला.

आप्पांना कसली घाई नव्हती, याचं त्याला फार नवल वाटायचं. विरेश पुण्याहून फोनवर फोन करायचा, आप्पा म्हणायचे, "सावकाश कर जैनू. जावाला घाई चालत न्हाय." खऱ्या जाणकाराचं लक्षण हे, असं जैनोद्दीन मनाशी म्हणायचा.

संक्रांत उलटून गेल्यावर एका सकाळी इंजिन पहिल्यांदा चालू झालं. दोन्ही सायलेन्सरांतून पांढरा धूर निघाला, बाजारातली कुत्री उठून पळाली आणि शेजारचा चहावाला कपबशी टाकून बघायला आला. आप्पा खुर्चीवरून उठले. टाकीवर तळवा ठेवून, डोळे मिटून उभे राहिले. बराच वेळ.

"चांगलंय," आप्पा म्हणाले. "पण…"

"पण काय, आप्पा?"

"न्हाय, न्हाय. चांगलंय."

तो 'पण' घेऊन जैनोद्दीन घरी गेला. जेवण गोड लागेना. म्हाताऱ्याला काहीतरी ऐकू आलंय, आपल्याला येत नाही; आणि तो मोठेपणानं बोलत नाही. महेबूब मिस्त्रीच्या पोराला काय सांगायचं, असं वाटून गप्प बसला असणार. दुसऱ्या दिवशी आप्पा यायच्या आत त्यानं इंजिन परत उतरवलं. आणि सापडलं. क्रँकच्या एका रबरी सीलचा ओठ बसवताना दुमडला गेला होता. तेल आत ओढलं जात होतं म्हणून धूर एवढा पांढरा होता. अशी चालवली असती तर महिन्याभरात इंजिन बसलं असतं. त्यानं ते सील आप्पांपुढं धरलं. "तुमी बराबर वळखलं, आप्पा."

आप्पांनी सील हातात घेऊन उलटसुलट केलं, परत दिलं आणि चहा सांगितला.

हे चहावाल्यानं ऐकलं, म्हणजे ते दुपारपर्यंत सगळ्या पेठेत झालं. आप्पांनी नुसता हात ठेवला आन् आतलं सील सांगितलं.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. इंजिन परत जोडलं, चालू केलं. आप्पा म्हणाले, बरंय पण बघ. जैनोद्दीननं काबरेटर खोलून धुतला, टायमिंग केसाएवढं इकडंतिकडं करून बघितलं. मंद ठेवलं की इंजिन चारदोन ठोके देऊन एखादा गिळायचं. ते गिळणं काढायला त्यानं जिवाचं रान केलं. शेवटी केरळच्या मिस्त्रीच्या व्हिडिओत त्याच्याही जावाचं इंजिन तसंच गिळताना ऐकलं, तेव्हा कळलं की ही तिची रीतच आहे. एकदा तर आप्पा काहीच बोलले नाहीत, फक्त उठून रिक्षात बसले. त्या न बोलण्यापायी त्यानं क्लच पुरा खोलला. दुरुस्तीला आलेल्या स्प्लेंडर बाहेर धूळ खात होत्या, गिऱ्हाइकं कुरकुरत होती. पण होता होता असं झालं की त्या इंजिनातला प्रत्येक नट त्याला अंधारात चाचपून ओळखू येऊ लागला. कुठला आवाज कुठून येतो हे तो झोपेतून उठून सांगू शकला असता. त्याला मात्र वाटत होतं की आपण अजून आप्पांच्या पायरीशीही पोचलो नाही.

लग्न अगदी तोंडावर आल्यावर विरेशनं निक्षून सांगितलं, आता बास, आप्पांना रस्त्यावर चालवून बघू दे.

जैनोद्दीननं गाडी पुसून रस्त्यावर उभी केली, चालू केली आणि हँडल आप्पांच्या हाती द्यायला बाजूला झाला. चहावाला, दोन-तीन दुकानदार, सगळे बघत उभे.

"तू घे," आप्पा म्हणाले. "म्या मागं बसतो. मागं बसल्याबगर इंजिन कळत न्हाय."

लोकांनी माना हलवल्या. जैनोद्दीनच्या मनात आलं, बघा, हे आपल्याला कधी सुचलं नसतं.

ते हायवेकडं जाणाऱ्या मोडाच्या रस्त्याला लागले. दोन्ही बाजूला ऊस, वर रणरणतं ऊन. गाव मागं पडल्यावर जैनोद्दीननं गिअर टाकला आणि जावा अशी निघाली की त्याच्या अंगावर काटा आला. ना खडखड, ना धक्का. पण थोडं पुढं गेल्यावर त्याला दुसरंच काहीतरी जाणवू लागलं. मागं माणूस बसलाय असं वाटतच नव्हतं.

गाडी चालवणारी माणसं मागं बसली की हैराण करतात, हा त्याचा रोजचा अनुभव होता. त्यांचा पाय हवेतच ब्रेक दाबतो, वळणाला अंग आखडतं, गुडघे टोचतात. आप्पा नुसते बसले होते. वळण आलं की गाडीबरोबर झुकायचे, खड्डा आला की अलगद उचलले जायचे, हात मांडीवर, कशाला धरलेलं नाही. इतकं सुरेख मागं बसणारा माणूस त्यानं बघितला नव्हता. असं बसणं दोनचार फेऱ्यांत येत नाही. त्याला वर्षं जावी लागतात, मागंच बसून.

चिंचेखाली त्यानं गाडी थांबवली आणि उतरला.

"घ्या आप्पा, आता तुमी."

आप्पा उतरले. त्यांनी उसाकडं बघितलं, रस्त्याकडं बघितलं. रस्त्याला चिटपाखरू नव्हतं.

"बिराप्पा चालवायचा," ते म्हणाले.

बिराप्पा म्हणजे पाटलांचा जुना सालगडी. जैनोद्दीनला तो पुसट आठवत होता. उंच, काळा, बोलायला कमी. तो वारला आणि त्याच साली जावा शेडात गेली होती. या दोन्ही गोष्टी अख्ख्या गावाला ठाऊक होत्या, पण त्या शेजारी ठेवून कुणी कधी बघितल्या नव्हत्या.

"हैदराबादला?"

"तोच."

"पुरात डॉक्टर?"

"तवा तर म्या मागंबी नव्हतो. डॉक्टरला बसायला जागा पायजे का नको?" आप्पांनी काठीनं मातीत एक रेघ ओढली. "म्या खोटं कदी बोललो न्हाय, जैनू. आमी गेलो म्हनायचो. दोन मानसं असली की आमीच म्हनत्यात. हँडल कुनाच्या हातात हुतं, हे कुनी इचारलंच न्हाय."

जैनोद्दीन चिंचेच्या मुळीवर बसला. आधी त्याला राग आला. ज्या 'पण'पायी त्यानं इंजिन उतरवलं, ब्लॉक फेकला, क्लच खोलला, सोलापूरच्या खेपा घातल्या, तो 'पण' म्हणजे म्हाताऱ्याची टाळाटाळ होती. इंजिन होऊच नये, लग्न आहे तसं मोटारीनं निघून जावं, एवढाच त्याचा अर्थ. मग त्याच्या ध्यानात आलं की पहिल्या दिवशी किक कुठं आहे हे आप्पांनाही माहीत नव्हतं. दोघंही दांडा शोधत होते आणि दोघांनाही वाटत होतं की समोरच्याला ठाऊक आहे. राग गेला आणि हसू यायला लागलं. ते त्यानं खोकल्यात घालवलं.

वाटलं, आपणही सांगून टाकावं. आप्पा, मला जावाचं काम येत न्हाय म्हणून. त्यानं तोंड उघडलंही. पण बाजूला ती जावा उभी होती. तापलेली, एकसारखी, आतून बाहेरून त्याच्या हाताची. आता तसं म्हटलं असतं तर ते खोटं झालं असतं. त्यानं तोंड मिटलं.

"आता वरातीचं कसं करायचं?" आप्पांनी विचारलं. त्यांचा आवाज लहान झाला होता. पत्रिकेत जाहीर झालंय, सोयरे विजापूरहून येणार आहेत, आणि मी उताणा पडलो तर नवऱ्यामुलासकट पडणार, असं ते सांगत राहिले. जैनोद्दीननं थोडा विचार केला आणि म्हणाला की त्याचं बघू.

त्यानं विरेशला फोनवर सांगितलं ते असं : नवीन बांधलेलं इंजिन पहिले काही दिवस ज्यानं बांधलं त्याच्याच हातात राहावं लागतं, नाहीतर बसतं. यात थोडं खरंही होतं. विरेश हिरमुसला, मग म्हणाला, निदान आप्पा तरी गाडीवर दिसले पाहिजेत, लोक त्यांनाच बघायला येणारेत. म्हणजे नवरदेव फुलं लावलेल्या मोटारीत गेला, आणि जावावर पुढं फेटा बांधलेला जैनोद्दीन आणि मागं महांतप्पा, अशी वरात बसवण्णाच्या देवळाकडं निघाली.

पुढं डीजे होता. त्याच्या भिंतीएवढ्या खोक्यांतून असा दणका सुरू होता की दुकानांची शटरं थरथरत होती. जावाच्या आवाजासाठी चार महिने कान लावून बसलेल्या जैनोद्दीनला हँडल हातात असूनही ती चालू आहे की बंद, हे पायाला लागणाऱ्या थरथरीवरून ओळखावं लागत होतं. शिवाय वरात चालणार मुंगीच्या पावलानं. हैदराबाद गाठायच्या ताकदीचं इंजिन शंभर पावलांवर तापून धूर ओकू लागलं. करवल्या नाकाला पदर लावून सरकल्या. देवळाच्या वळणावर, ड्रोन बरोबर डोक्यावर असताना, तिनं दोन आचके दिले आणि बंद पडली.

बापाची पाटी, सगळी पेठ बघतेय. फेटा सावरत तो प्लग काढायला खाली बसला. तेवढ्यात डीजेवाला गाणं बदलायला थांबला आणि त्या शांततेत आप्पा मागच्या सीटवरूनच म्हणाले, "तिला येग पायजे. बायकांसंगं चालनारी गाडी न्हाय ती."

लोक हसले, आणि पटलंही. आप्पा सांगतायत म्हणजे तसंच असणार. प्लग पुसून परत लावल्यावर पहिल्या किकला जावा उठली आणि टाळ्या पडल्या. विरेशच्या व्हिडिओत पुढं सगळ्यांत जास्त बघितला गेला तो हाच तुकडा. त्यात नवरदेव कुठंच नाही. नुसते आप्पा आहेत, मांडीवर हात ठेवून, वाड्यातल्या गादीवर बसावं तसे बसलेले. लोकांनी खाली लिहिलं होतं, काय ऐट आहे, हा खरा रायडर.

व्हिडिओ फिरत फिरत लांब गेला. पावसाळ्यात लातूरहून एकजण येझदी घेऊन आला, मग अक्कलकोटहून एक डॉक्टर, मग कळंबच्या एका अडत्याच्या घरातली आजोबांची जावा. स्प्लेंडर आता दारात उभ्या करायला जागा नसायची. येणारा प्रत्येकजण विचारायचा, हे काम कुणाकडं शिकलात? पाटीकडं बोट दाखवणं सोपं होतं, पण ते जैनोद्दीनच्या जिभेवर येईना. बापानं शिकवलं नव्हतं हे त्याला ठाऊक होतं. केरळच्या मिस्त्रीचं नाव त्याला वाचता येत नव्हतं. मग एकदा त्यानं खरं तेच सांगितलं, की आप्पा समोर बसले नसते तर हे इंजिन झालं नसतं. चहावाल्यानं ते पुढं केलं. महिन्याभरात मुरुमात पक्कं झालं की महेबूबच्या पोराला जावा शिकवली ती पाटलांच्या आप्पांनी, नुसतं ऐकून. लातूरचा येझदीवाला तर गाडी न्यायला आला तेव्हा आप्पांसाठी पेढे घेऊन आला आणि त्यांच्या पाया पडला. आप्पांनी आशीर्वाद दिला. करणार काय?

पाया पडून घेतल्यावर मात्र आप्पा दोन दिवस गॅरेजकडं फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते दुकान उघडायच्या आधीच. जैनोद्दीन कुलूप काढत होता.

"मला शिकीव," आप्पा म्हणाले.

"काय, आप्पा?"

"चालवायला. लोक पाया पडाय लागले. आता किती दिवस निस्तं बसायचं?"

जैनोद्दीननं त्यांच्या गुडघ्यांकडं बघितलं, काठीकडं बघितलं. नाही म्हणायची शंभर कारणं होती. त्यानं काठी दाराला टेकवून ठेवली आणि लग्नापासून गॅरेजातच असलेली आप्पांची जावा बाहेर काढली.

शाळेच्या मागच्या माळावर त्यानं आप्पांना पुढं बसवलं, क्लच धरायला शिकवलं, सोडायला शिकवलं. पहिल्यांदा गाडी उडी मारून बंद पडली. मग परत. कितव्यांदा तरी ती हळूहळू निघाली, लडबडत, एकदा बाभळीकडं, एकदा गटाराकडं. आणि जैनोद्दीन मागचं कॅरिअर दोन्ही हातांनी धरून, धापा टाकत, वाकून तिच्यामागं पळत होता. आप्पांचं धोतर वाऱ्यावर फुगलं होतं. ते काही बोलत नव्हते, ओठ घट्ट मिटलेले, डोळे समोर, आणि चेहऱ्यावर भीती आणि आनंद असा काही एकात एक मिसळलेला की नातवाच्या लग्नातही तो तसा कुणी बघितला नव्हता.

दूध घालायला निघालेली दोन माणसं माळाच्या कडेला सायकली थांबवून बघत राहिली.

"मिस्त्री का पळायलाय मागं?" एकानं विचारलं.

"आप्पा इंजिन तपासायलेत," दुसरा म्हणाला. "ह्यो आवाज ऐकायलाय. शिकायचं म्हनल्यावर पळावंच लागतं."